८०० कोटी आणि शेवटून पहिला नंबर

गेल्या काही महिन्यांत पाहिलेल्या सिनेमांचा माझा क्रम आधीच सांगून टाकतो. ज्यांना चिडायचं आहे त्यांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. पहिला 'स्थळ'. दुसरा 'मंजुम्मेल बॉइज'. तिसरा १९५३ सालचा 'श्यामची आई', जो या वेळी पुन्हा पाहिला. मग 'परफेक्ट डेज', 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', 'लापता लेडीज', 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आणि शेवटी 'छावा'. म्हणजे विदर्भातलं एक खेडं, केरळचं एक टोळकं, अमळनेरच्या मास्तरांची आई, टोकियोतला सफाई कामगार, मुंबईतल्या नर्सा, रेल्वेत अदलाबदल झालेल्या नवऱ्या, आपलं शेजारचं मालेगाव आणि संभाजीराजे. या सगळ्यांना एका रांगेत उभं करणं हा आचरटपणाच आहे. तरी मी तो करणार, आणि सगळ्यांनी करावा असं माझं म्हणणं आहे. फक्त स्वतःच्या नावाने करावा आणि कारणं द्यावीत.

यादी घरच्या ग्रुपवर टाकली. महाराष्ट्रात राहून 'छावा' शेवटी ठेवला म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याचा पहिला प्रश्न: "मामा, तुमले पिच्चरमधलं काय समजस?" त्यामागोमाग दुसरा मेसेज, त्यात फक्त आकडा. ८०० कोटी.

हा कोटींचा मुद्दा आता खान्देशात कुठेही निघतो. पूर्वी पिच्चर कसा आहे विचारलं की लोक सांगायचे, गाणी चांगली आहेत, मारामारी बरी आहे, हिरो शेवटी मरतो. आता पहिल्याच वाक्यात कमाई येते. गल्ला निर्मात्याच्या घरी जातो आणि आकडा पाठ होतो आपल्याला. 'छावा'ने जगभरातून ८०० कोटींच्या घरात गल्ला जमवला, यात वाद नाही. पण या आकड्यात काय मोजलं जातं ते बघा. तिकिटं गुणिले दर. मुंबईच्या मॉलमधलं शनिवार संध्याकाळचं तिकीट आपल्याकडच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट असतं. म्हणजे कोटींच्या हिशेबात मुंबईचा एक प्रेक्षक धुळ्याच्या दोघा-तिघांना भारी. मतदानात असं कोणी केलं असतं तर आपण रस्त्यावर आलो असतो. शिवाय तिकीट काढताना माणसाने सिनेमा पाहिलेला नसतो. त्याने पैसे दिले ते उत्सुकतेपोटी. आवडला की नाही हे पुढचं, आणि नाही आवडला तर पैसे परत मिळत नाहीत. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला म्हणजे जाहिरातीची परीक्षा. चौथ्या-पाचव्या आठवड्यातली गर्दी मात्र काहीतरी सांगते, हे मी मानतो. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला भिशीच्या, हळदीकुंकवाच्या ग्रुपातल्या बाया एकमेकींना सांगून गेल्या. ती खरी शिफारस होती, तोंडी आणि ओळखीच्या माणसाकडून आलेली.

'छावा' शेवटी का, हे सांगायला मी बांधील आहे. राजांबद्दलचा आदर आणि सिनेमाबद्दलचं मत यांची गल्लत करून कोणी बोलायला लागलं की चर्चा तिथेच संपते, म्हणून ते आधी बाजूला ठेवू. सिनेमा सुरू होतो १६८१ च्या बऱ्हाणपूरच्या स्वारीने. आता बऱ्हाणपूर आपल्याला परकं नाही. मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ते मुख्य ठाणं, तापीकाठची श्रीमंत पेठ. आज मध्य प्रदेशात असलं तरी रावेरची माणसं लग्नाच्या खरेदीला तिकडेच वळतात. पडद्यावर मी त्या गावाची वाट पाहत होतो. दिसली ती जाळायला आणि फोडायला उभी केलेली दगडी कमान. तिथे कोण राहत होतं, काय विकलं जात होतं, औरंगजेबाला एवढी चीड यावी असं तिथे काय होतं, याचा पत्ता नाही. विकी कौशलची मेहनत दिसते. पण पार्श्वसंगीत इतकं वर चढवलेलं की शांत प्रसंगातही कोणीतरी कानाशी नगारा धरून उभं आहे असं वाटतं. आणि शेवटचे हाल. ते इतके लांबवले आहेत की दुःखाचं रूपांतर सोसण्याच्या चाचणीत होतं. माझ्या रांगेत पुढे दोन लहान मुलं होती, आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेली. थिएटर घोषणांनी दणाणलं, मीही गहिवरलो. पण गहिवर मला राजांच्या इतिहासामुळे आला, दिग्दर्शकाच्या कामामुळे नाही. दोन्ही वेगळं करता आलं नाही तर मग क्रम लावूच नये.

भाचा कोटींवरून टक्क्यांवर आला. इंटरनेटवरची टक्केवारी आणि तारे. तिथे एक गंमत आहे. रॉटन टोमॅटोजवरचा टक्का म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी त्याला बरा म्हटलं, एवढंच ते सांगतं. समजा दहा जणांनी सिनेमा पाहिला आणि दहाही म्हणाले, 'चालेल, वेळ गेला.' त्या सिनेमाला १०० टक्के. दुसरा सिनेमा सहा जणांना इतका भिडला की रात्री झोप नाही, आणि चार जण मध्यंतरात उठून गेले. त्याला ६०. आकड्यांकडे पाहून कोणीही पहिल्याच सिनेमाला जाईल. आयएमडीबीवर एक ते दहा गुण देतात आणि त्यांची भारित सरासरी काढतात, पण सरासरीचा दोष तिथेही सुटत नाही: जो सिनेमा कोणालाच खुपत नाही तो वर तरंगतो. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून टाकले आणि अंगठा आणला. यूट्यूबने त्याच्या कितीतरी आधी तारे सोडले होते. ताऱ्यांवर ज्यांचा धंदा चालायचा त्यांनीच ते टाकून दिले, आणि आपण अजून 'साडेतीन आहेत, जावं का?' असं विचारत बसलोय.

यावर वहिनी म्हणाल्या, "मग घरातल्या सगळ्यांचा मिळून एक नंबर काढा ना, भाऊजी. भांडण मिटेल." आमच्याकडे भांडण मिटवायची जबाबदारी त्यांच्याकडेच असते. म्हणून बसलो. तीनच सिनेमे घेतले. माझा क्रम: 'स्थळ', 'मंजुम्मेल', 'छावा'. भाच्याचा: 'मंजुम्मेल', 'छावा', 'स्थळ'. वहिनींचा: 'छावा', 'स्थळ', 'मंजुम्मेल'. आता जोड्या लावा. 'स्थळ' की 'मंजुम्मेल'? मी आणि वहिनी 'स्थळ'च्या बाजूने, दोन विरुद्ध एक. 'मंजुम्मेल' की 'छावा'? मी आणि भाचा 'मंजुम्मेल'च्या बाजूने. म्हणजे 'स्थळ' वर, त्याखाली 'मंजुम्मेल', त्याखाली 'छावा'. ठरलं? नाही. 'छावा' की 'स्थळ' विचारा: भाचा आणि वहिनी, दोघं 'छावा'च्या बाजूने. शेवटचा पहिल्याच्या डोक्यावर. चक्र पूर्ण. तिघांपैकी कोणाचंही डोकं फिरलेलं नाही, प्रत्येकाचा क्रम सरळ आहे. तिघांचा मिळून क्रम मात्र लागतच नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या काँदोर्सेने मतदानाचा हा तिढा मांडला होता. १९५१ मध्ये केनेथ ॲरोने सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले, तर अनेकांच्या क्रमांवरून सगळ्यांचा एक क्रम काढण्याची अशी कोणतीही रीत नाही जी न्यायाच्या काही साध्या अटी एकदम पाळेल. पुढे त्याला अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आयुष्यभर आपण 'लोकांना काय आवडतं' हे कानावर घेत आलो. लोकांना मिळून एकच काहीतरी आवडतं, हे गृहीतच कच्चं आहे.

कोणी म्हणेल, घरचं सोडा, जाणकारांचं बघा. बघू. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्हज'. मग १९६२ ते २००२, सलग पाच वेळा 'सिटिझन केन'. २०१२ ला 'व्हर्टिगो'. २०२२ ला शांताल आकेरमानचा 'झान दिएलमान', १९७५ चा, ज्यात एक विधवा तीन तासांहून अधिक वेळ घरकाम करते: बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते. सिनेमे तेच होते, मग बदललं काय? २०१२ ला ८४६ जणांनी मत दिलं होतं, २०२२ ला १,६३९ जणांनी, आणि नव्यांमध्ये वेगवेगळ्या देशांतली, वेगळ्या वयाची माणसं होती. आणखी एक बारकावा. त्या मतदानात प्रत्येकाकडून दहा नावं मागतात, पण त्या दहांना वर-खाली धरत नाहीत. प्रत्येक नावाला एक मत. म्हणजे जगातल्या सगळ्यात मानाच्या क्रमवारीत खरा क्रम कोणी लावलेलाच नसतो, तो बेरजेतून पडतो. त्या मासिकाची मला गोडी आहे ती वेगळ्याच कारणाने: ते कोणी काय निवडलं ते नावानिशी छापतं. वरची यादी विसरून मी ती एकेकाची पानं वाचत बसतो.

इथे 'स्थळ'कडे येतो, कारण वहिनींचं आणि माझं खरं वाजलं ते यावरून. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा पहिला चित्रपट. २०२३ ला टोरांटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे थिएटरात आला ७ मार्च २०२५ ला, म्हणजे 'छावा' ऐन भरात असताना. चंद्रपूरकडचं कापसाचं गाव, पडद्यावरची बहुतेक माणसं तिथलीच. सविता बी.ए. करते, स्पर्धा परीक्षेची स्वप्नं बघते, आणि घरी दर थोड्या दिवसांनी पाहुणे येतात. सिनेमा सुरू होतो ते स्वप्नाने: पाहुण्या सगळ्या बाया, आणि मध्ये बसवलाय मुलगा, त्याला विचारतायत उंची किती, छंद काय. लोक हसतात. मग स्वप्न मोडतं आणि तेच प्रश्न सविताला. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणता, शेतात काम जमतं का. पुढच्या पाहुण्यांना पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यांना पुन्हा तेच. दिग्दर्शक प्रसंग बदलतच नाही. सुरुवातीला आपण हसतो, मग कंटाळतो, मग त्या कंटाळ्याची लाज वाटायला लागते. बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला, कारण भाव आला तर लग्न. आपल्याकडे ज्याच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, ज्याला त्या कापसाने अंगाला सुटणारी खाज माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विदर्भाचा सिनेमा आहे, बोली वेगळी आहे, पण चोपडा-पारोळ्याच्या कुठल्याही गावात तो जसाच्या तसा घडतो.

वहिनींना तो आवडला नाही. का नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि ते मला कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळालेलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, यात पाहायचं काय? ट्रे घेऊन मी पण उभी राहिलेय. एका घरच्यांनी चालून दाखव म्हटलं होतं. ते सगळं परत पाहायला मी दोन तास कशाला बसू? तुम्हाला ते नवीन आहे म्हणून आवडलं." यातलं शेवटचं वाक्य मला लागलं. मी पाहुण्यांच्या बाजूने बसलेला माणूस. पोहे खाल्लेला. माझ्यासाठी 'स्थळ' म्हणजे तोंडावर आरसा, त्यांच्यासाठी ती जुनी जखम. आणि 'छावा' त्यांच्याकडे पहिला का? तर गल्लीतल्या सगळ्या बाया मिळून गेल्या होत्या, रात्रीच्या खेळाला, नवऱ्यांना घरी ठेवून. येसूबाईंचं पात्र त्यांना फार भावलं. ही कारणं हलकी आहेत असं मला मुळीच वाटत नाही. जगभरातल्या जाणकारांना तीन तास भांडी घासणारी बाई सर्वोत्तम वाटू शकते. रोज भांडी घासणाऱ्या बाईला ती तशी वाटेलच असं नाही, आणि वाटली तर वेगळ्या कारणाने वाटेल. दोघांची मतं मिळवून सरासरी काढली तर नेमकी ही कारणंच गळून जातात.

तरी मी 'स्थळ' पहिलाच ठेवतो. वहिनींचं म्हणणं ऐकून त्याचं वजन माझ्या मनात वाढलंच, कमी झालं नाही. ज्यांच्यावर बेतलाय त्यांना तो बघवत नाही इतका तो खरा उतरलाय.

आवड ही ज्याची त्याची, तिच्यावर वाद कसला, असं म्हणणारे सज्जन असतात. मला त्यांचा हा सज्जनपणा आळशी वाटतो. 'मला आवडला' म्हणून थांबणारा माणूस दुसऱ्याला काहीच देत नाही. दुसरीकडे कलेला नंबर लावणं म्हणजे बाजारूपणा, असं म्हणणारे प्राध्यापक आहेत. बाजाराची एवढी भीती कशाला? आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात पेपरात रोज केळीचे भाव छापून येतात: नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे पिलांवर घेतलेला, वापसी म्हणजे बाजूला काढलेला. प्रतवारीच ती. पण ती लावणाऱ्याला माल कुठे जाणार ते ठाऊक असतं. ट्रक उत्तरेकडे लांब जाणार असेल तर घड कसा हवा, गावातच विकायचा तर कसा चालेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. नवतीला नवती का म्हटलं ते शेतकरी तिथल्या तिथे विचारू शकतो, भांडू शकतो. सिनेमाच्या ताऱ्यांशी भांडायला समोर माणूसच नसतो. म्हणून माझी हरकत प्रतवारीला नाही, बिनचेहऱ्याच्या प्रतवारीला आहे.

दुसरा कोण आणि तिसरा कोण हे ठरवायला बसलं की माणूस स्वतःशी भांडायला लागतो. 'मंजुम्मेल बॉइज' आणि 'श्यामची आई' यांच्यात काही संबंध नाही. पहिला २०२४ चा मल्याळम, चिदंबरमचा. कोचीजवळच्या मंजुम्मेलची पोरं कोडाईकॅनालला जातात, त्यातला एक गुणा गुहेत खोल पडतो, आणि मित्र त्याला काढतात. २००६ मध्ये खरंच घडलेलं. दुसरा आचार्य अत्र्यांचा, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. अमळनेरला प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवायचे, त्यामुळे आमच्या भागात 'श्यामची आई' जवळपास घरचं देवघर. तो पहिला न ठेवणं म्हणजे पाप. पण या वेळी पाहताना वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर मी जितका खिळलो तितकाच मधल्या उपदेशांनी चुळबुळलो. 'मंजुम्मेल'मध्ये उपदेशाचं एक वाक्य नाही. सुरुवातीला रस्सीखेचीचा खेळ येतो, तो आपण गंमत म्हणून सोडून देतो. शेवटी सगळी पोरं मिळून दोरी ओढतात तेव्हा कळतं, दिग्दर्शकाने तो खेळ कशाला पेरला होता. ही कारागिरी. म्हणून तो एक पायरी वर. एवढं लिहायला मला क्रमानेच भाग पाडलं. नुसतं 'दोन्ही छान' म्हणून सुटलो असतो.

यादीत आणखी एक गोष्ट लिहायला हवी, जी कोणीच लिहीत नाही: पाहिला कुठे आणि कसा. 'परफेक्ट डेज' चौथा आहे, तो कदाचित पहिला असता. विम वेंडर्सचा हा टोकियोतला हिरायामा सार्वजनिक संडास साफ करतो, गाडीत जुन्या कॅसेट लावतो, झाडांच्या पानांतून येणाऱ्या उजेडाचे फोटो काढतो, आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. हिरायामा झालेल्या कोजी याकुशोला कान महोत्सवाचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार उगीच नाही मिळाला. पण मी तो मे महिन्यात पाहिला, मोबाइलवर, कूलरसमोर. भुसावळ-जळगावचा मे ज्यांनी काढलाय त्यांना कूलर बंद करून सिनेमा बघा असं सांगायची हिंमत मी करणार नाही. ज्या सिनेमाचा अर्धा जीव शांततेत आहे, तो मी लोखंडी कूलरच्या घरघरीत पाहिला. समीक्षक वातानुकूलित दालनात बसून शांततेबद्दल लिहितात. ते खरंच असेल, पण ती शांतता इथे पोहोचेपर्यंत शिल्लक राहत नाही.

'ऑल वी इमॅजिन'मध्ये छाया कदमची पार्वती आहे, गिरणी कामगाराची विधवा, जिच्याकडे खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला हाकलतो. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये ज्यांचे भाऊबंद राहतात त्यांनी तो जरूर पाहावा. कागद नसण्याची भीती तिथेही तीच. 'लापता लेडीज' छान आहे, गोड आहे, छाया कदम त्यातही स्टेशनवर चहा विकते आणि बाकीच्यांना खाऊन टाकते. जास्त काही म्हणण्यासारखं माझ्याकडे नाही, म्हणून सहावा.

'सुपरबॉइज' सातवा ठेवला, तर मालेगावच्या मित्राने फोनच केला. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण त्या पट्ट्यातली अहिराणी आपलीच, त्यामुळे घरचा सिनेमा वर ठेवायला हवा असा त्याचा आग्रह. नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता 'मालेगाव के शोले' काढला, त्या वेडाची ही गोष्ट, रीमा कागतीने केलेली. आता माझी अडचण अशी की त्याच माणसांवरची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही फैझा अहमद खानची डॉक्युमेंटरी मी आधी पाहिली आहे. तिच्यात यंत्रमागावर राबलेला, हडकुळा शफीक सुपरमॅनच्या कपड्यात उभा राहतो तेव्हा हसू आणि हुंदका एकदमच येतो. त्यानंतर मुंबईच्या सराईत नटांनी तेच करून दाखवलं तर कितीही चांगलं केलं तरी नक्कल वाटते. नकलेवरच्या सिनेमाची नक्कल. आपल्या मातीचा म्हणून दोन नंबर वाढवून देणं मला जमणार नाही. तसे वाढवायला लागलो तर स्मिता पाटील शिरपूरकडची म्हणून तिचे सगळेच सिनेमे पहिले.

हा सगळा खटाटोप घरातल्या गप्पांपुरता राहिला असता तर मी लेख लिहिला नसता. पण आपल्या गावात काय लागणार हे या आकड्यांवरच ठरतं. शुक्रवारी मराठी सिनेमाला एखादा खेळ मिळतो, शनिवार-रविवारचा गल्ला आणि मुंबईच्या समीक्षकांनी दिलेले तारे पाहिले जातात, आणि पुढच्या शुक्रवारी त्या जागी दुसरं पोस्टर. २०१५ मध्ये सरकारने मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम सक्तीचा केला, ओरड झाली तेव्हा प्राइम टाइमच दुपारी १२ ते रात्री ९ असा ताणला. जळगावात एप्रिल-मे महिन्यात दुपारी १२ चा खेळ प्राइम टाइम ठरवणारा माणूस नक्कीच मंत्रालयात बसलेला होता. कापूस वेचणीच्या हंगामात, रब्बीच्या पेरणीत, लग्नसराईत आमचा माणूस पहिल्या तीन दिवसांत थिएटरात येतच नाही. तो पंधरवड्याने मोकळा होतो. तोवर सिनेमा गेलेला. मग म्हणतात, खान्देशात प्रेक्षक नाही.

यावर सरकारी उपाय मला सुचत नाही, आणि सुचला तरी त्याचा प्राइम टाइमच होईल. गावपातळीवर मात्र एक करता येईल. तालुक्याच्या वाचनालयात, कॉलेजच्या सूचनाफलकावर, स्थानिक पेपराच्या शुक्रवारच्या पानावर नावानिशी याद्या लागाव्यात. मास्तरीणबाईंची एक, कृषी केंद्रवाल्याची एक, एसटीच्या कंडक्टरची एक. प्रत्येकाखाली चार ओळी कारणं: काय भावलं, काय खटकलं, कुठे पाहिला. दोन-चार महिने वाचल्यावर आपल्याला कळतं की कंडक्टरचं आणि आपलं पटतं, मास्तरीणबाईंचं उलटं. मग त्यांनी वाईट म्हटलेला सिनेमाही खुशाल बघायला जावं. असा माहितीचा माणूस मिळाला की तारे लागत नाहीत. आणि थिएटरच्या मॅनेजरला अशा दहा याद्या एकदम दाखवता आल्या, तर निदान दुसऱ्या आठवड्याचा खेळ मागायला तोंड राहतं.

भाच्याची यादी काल आली, कारणांसकट. 'मंजुम्मेल' पहिला का, तर मित्र खड्ड्यात पडलाय म्हणून पोरं पोलिसांकडे जातात आणि पोलिस आधी त्यांनाच बडवतात, तो प्रसंग. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराने हा प्रसंग निवडावा हे मला पटलं, आणि माझ्या चार ओळींत तो नव्हता. 'स्थळ' शेवटी का, यावर मात्र त्याने 'स्लो आहे' एवढंच लिहिलंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मध्यंतरापर्यंतच पाहिलाय. अर्धवट पाहिलेला सिनेमा यादीत धरायचा नाही, हा नियम त्याला कळवला आहे. त्याचं मत बदललं तर आमच्या तिघांच्या क्रमांचं ते चक्र मोडेल आणि आमच्या घराचा पहिला नंबर तरी ठरेल. परीक्षा संपल्यावर बघतो म्हणालाय.